चेहरा दिला, पण जाब कुणाला विचारायचा?

पुण्यात घरी फोन केला की हल्ली डिजियात्रेचा, म्हणजे विमानतळावर चेहरा ओळखून आत सोडणाऱ्या सोयीचा, विषय निघतोच. लोहगावला रांग वाचते, कॅमेऱ्याकडे बघितलं की दार उघडतं. "आपल्याला काय लपवायचंय?" असं दादा म्हणतो. मला हे अजिबात पटत नाही.

मी फ्रँकफर्टला राहते आणि इथेही पाळत आहेच. युरोपात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशाचा फोन नंबर, पैसे कसे भरले, सोबत कोण होतं, हे सगळं विमान कंपन्या सरकारी यंत्रणांना देतात. ऑक्टोबर 2025 पासून तर आई-बाबांसारख्या पाहुण्यांच्या चेहऱ्याचा फोटोही सीमेवर घ्यायला लागलेत. पण बेल्जियममधली एक मानवाधिकार संघटना विमान प्रवाशांच्या माहितीसाठ्याविरुद्ध कोर्टात गेली आणि 21 जून 2022 रोजी युरोपीय न्यायालयाने बजावलं, की ज्यांच्यावर कसलाच संशय नाही अशांची माहिती सरसकट पाच वर्षं ठेवता येणार नाही. सहा महिने पुरे. शिवाय विमान कंपनीला मी पत्र टाकलं, माझं काय काय ठेवलंय ते सांगा, तर एरवी महिन्याभरात उत्तर देणं तिला बंधनकारक आहे.

आपल्याकडे 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तरी 2022 च्या नियमांनुसार परदेशात येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांतल्या प्रवाशांची माहिती कस्टम्सकडे जाते आणि पाच वर्षं राहते. 2023 च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात केंद्राला हव्या त्या सरकारी यंत्रणेला त्यातून सूट देण्याची सोय आहे. डिजियात्रा चालवणारी संस्था तर सरकारी खातंच नाही. ती कंपनी आहे, तिच्यात विमानतळ प्राधिकरणाचा वाटा 26 टक्के, बाकीचा मोठ्या विमानतळ कंपन्यांचा. त्यामुळे माहिती अधिकार आम्हाला लागू नाही, अशी तिची भूमिका. रस्त्यातल्या खड्ड्यावरून महापालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज ठोकणारं आपलं शहर इथे गप्प कसं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ही योजना ऐच्छिक आहे, असं सांगतात. देशातल्या एका विमानतळावर मावशीच्या हातातून तिथल्या मुलाने फोन घेतला, "मावशी, ओटीपी सांगा" म्हणाला, आधार जोडलं, फोटो काढला आणि फोन परत दिला. कशाला होकार दिला, ते तिला आजही सांगता येत नाही. चोवीस तासांत विमानतळावरची माहिती पुसतात म्हणे. पण पुसली का, हे तिने कुणाकडे जाऊन विचारायचं?

म्हणून दादाला माझं सांगणं एवढंच, की पुढच्या वेळी ओळखपत्र आणि तिकीट दाखवून आत जा. दहा मिनिटं जास्त लागतील. ती रांग आज चालू आहे. तिच्यात कुणी उभंच राहिलं नाही, तर ती बंद करायला साधा आदेशही काढावा लागणार नाही.