जिना म्हणजे कोणाची अडगळीची खोली नव्हे

नागपुरात जूनचा पाऊस सुरू झाला की घरोघरचे कूलर बंद होतात आणि आमच्या सात मजली इमारतीत ते थेट जिन्यात येऊन बसतात. प्रत्येक वळणावर एक कूलर, त्यात उन्हाळाभर वापरून खडखडीत वाळलेल्या वाळ्याच्या आणि वुडवूलच्या ताट्या, शेजारी चपलांचा रॅक, रद्दीचे गठ्ठे, कोणाची तरी जुनी गादी. एका काडीने भडकेल असे जे जे घरात नको, ते सारे बाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर रचलेले आहे, आणि त्याविषयी बोलणारा मात्र भांडखोर ठरतो. "इतकी वर्षं झाली, काही झालं का जी?" हे उत्तर ऐकले की माझे डोके फिरते.

तळमजल्यावर जिन्याखालीच सगळ्या फ्लॅटांचे वीज मीटर आहेत. त्यांना खेटून पेट्रोलच्या दुचाकी लावल्या जातात आणि त्यांच्या गर्दीतच रात्रभर एक्स्टेंशन बोर्डावरून एक इलेक्ट्रिक स्कूटर चार्ज होत असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि घरोघरी एसी, कूलर एकाच वेळी चालू असतात, तेव्हा तिथल्या तारांवर किती भार येत असेल याचा विचार कोणी करायचा? तिथे ठिणगी पडली, तर हा जिना धुराड्यासारखा धूर वर ओढून घेईल. आगीत बहुतेक माणसे ज्वाळांनी नव्हे, तर धुराने गुदमरून दगावतात, हे आमच्या लोकांना ठाऊक नाही असेही नाही. जानेवारी २०२१ मध्ये इथून साठेक किलोमीटरवरच्या भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून १० नवजात बालके गेली, तेव्हा याच लोकांनी यंत्रणेला शिव्या घातल्या होत्या.

खालची वाट धुराने बंद झाली तर वर जावे, म्हणावे, तर गच्चीला कायम कुलूप आहे, कारण मुले तिथे जाऊन बसतात. चावी सचिवांकडे असते आणि सचिव महिना-महिना पुण्याला मुलाकडे असतात. घरातच थांबून, दाराच्या फटीत ओले कापड कोंबून, बाल्कनीतून मदत मागावी, तर चोरांच्या भीतीने प्रत्येक बाल्कनीला वेल्डिंग केलेली लोखंडी जाळी आहे आणि तिला आतून उघडणारी एक खिडकीसुद्धा ठेवलेली नाही. शिडीवरून वर आलेल्या जवानाने माणसाला बाहेर काढण्याआधी लोखंड कापत बसायचे काय?

पहिल्या मजल्यावर टांगलेल्या अग्निशामक सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यातून कधीच खाली उतरून लाल भागात पडला आहे. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकांची आणि भोगवटादारांची, म्हणजे आमचीच आहे आणि ती सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत व जुलैत द्यावे लागते. सभेत हा विषय काढला की "पुढच्या वर्षी पाहू नं" म्हणून तो बाजूला सारला जातो आणि त्याच सभेत फाटकाच्या नव्या रंगाला दहा मिनिटांत मंजुरी मिळते. ज्या शहरात राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, जिथे देशभरातले अधिकारी आग विझवायला शिकून जातात, त्या शहरातल्या सुशिक्षित माणसांनी असे वागावे, याची मला चीड येते.

सहाव्या मजल्यावर वॉकरशिवाय चालू न शकणाऱ्या एक आजी राहतात. आग लागल्यावर लिफ्ट वापरता येत नाही; त्यांना खुर्चीत बसवून दोघांनी उचलून आणायचे, तर त्या कूलरांमधून खुर्ची वळणारच नाही. हे मी त्यांच्या दारासमोर कूलर ठेवणाऱ्या शेजाऱ्यांना तोंडावर सांगितले, तरी कूलर तिथेच आहे. आता मी समितीला लेखी पत्र दिले आहे: येत्या रविवारपर्यंत जिना मोकळा झाला नाही आणि गच्चीच्या चावीची एक प्रत दाराजवळच्या काचेच्या पेटीत ठेवली नाही, तर त्याच पत्राची प्रत सोमवारी महापालिकेच्या अग्निशमन विभागात जाईल.