सीझन तिकिटाच्या वादात उतरण्याआधी हे वाचा

तर तुमच्या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबने पुढच्या सीझन तिकिटाचे, म्हणजे वर्षभराच्या घरच्या मैदानावरच्या मॅचेसच्या एकाच तिकिटाचे, दर जाहीर केले. अभिनंदन. आता तुमचे पुढचे दोन महिने मजेत जाणार, कारण दर जाहीर होतात तेव्हा टीम बहुतेक टेबलात मधोमध कुठेतरी लोळत असते, वर जायची आशा नाही आणि खाली घसरायची भीती नाही, उरलेल्या मॅचेसमध्ये जीव अडकावा असं काही नाही, मग माणसाने भांडायचं तरी कशावर? क्लबला हे बरोबर कळतं. उगाच नाही दरवर्षी याच सुमाराला पत्रक येत.

पत्रक आलं की ते पूर्ण वाचायचं नाही, हा पहिला नियम. वर फोटो असतो, बापाच्या खांद्यावर बसलेलं पोरगं, गळ्यात क्लबचा स्कार्फ, तो बघायचा, मग थेट आकडा बघायचा, बास. मधला मजकूर दरवर्षी तोच असतो, तुमच्या निष्ठेला सलाम, खर्च फार वाढलेत, खूप विचारांती आणि जड अंतःकरणाने वगैरे. अंतःकरण त्यांचं जड आणि खिसा आपला हलका. तळाशी बारीक अक्षरात जे असतं ते तर चुकूनही वाचू नका, ज्येष्ठांची सवलत आता ६५ ऐवजी ६६ पासून मिळेल, कोपऱ्यातला स्वस्त ब्लॉक यापुढे मधल्या दरात, असलं काहीतरी असतं तिथे. ते वाचलं की भांडण मुद्द्यावर येतं, आणि मुद्द्यावर आलेलं भांडण फार दिवस टिकत नाही.

आता गणित. इथे आधी ठरवा की तुम्ही भागाकारवाले की गुणाकारवाले. भागाकारवाल्यांचं म्हणणं दर योग्यच आहेत. इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या प्रीमियर लीगमध्ये ३८ मॅचेस, त्यातल्या १९ घरच्या, आणि एक पायरी खाली चॅम्पियनशिपमध्ये ४६ पैकी २३ घरच्या, तर तिकिटाच्या किमतीला त्या आकड्याने भागायचं, जे येईल ते सिनेमाच्या तिकिटाशेजारी ठेवायचं आणि म्हणायचं, दोन तासांच्या करमणुकीला एवढं म्हणजे काहीच नाही हो. सिनेमात हिरो निदान शेवटी तरी जिंकतो असं कोणी म्हटलं तर ऐकू न आल्यासारखं करा.

गुणाकारवाल्यांनी उलट करायचं, एक तिकीट गुणिले आपण आणि दोन पोरं, अधिक ट्रेन, अधिक पार्किंग, अधिक पोरांनी हट्ट करून घेतलेला तिसरा जर्सी शर्ट, आणि जो राक्षसी आकडा येईल तो समोरच्याच्या तोंडावर फेकायचा. यात एक हुकमी एक्का आहे तो शेवटपर्यंत राखून ठेवा, तो म्हणजे टीव्ही. पैसे भरताना आपल्या डोळ्यासमोर शनिवार दुपारी ३ ची मॅच असते, आणि टीव्हीवाले ती उचलून सोमवारी रात्री ८ ला नेऊन ठेवतात, मग शेवटची ट्रेन गाठायची की शेवटची दहा मिनिटं बघायची हे तुम्ही ठरवा. पैसे आपण वर्षभर आधी भरायचे आणि तारीख दुसऱ्यानेच ठरवायची. २०१६ ते २०१९ या तीन सीझनसाठी प्रीमियर लीगला फक्त ब्रिटनमधल्या टीव्ही हक्कांचे ५ अब्ज पौंडांच्या वर मिळाले होते. आता तिकिटं स्वस्त होतील असं तेव्हा ज्यांना वाटलं होतं ते लोक भेटले तर त्यांना नमस्कार करा, इतका निर्मळ माणूस आता मिळत नाही.

जुना इतिहास मात्र उकरू नका, त्रास होतो. १९८९ च्या हिल्सबरो स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीनंतर चौकशी करणारे न्यायाधीश लॉर्ड जस्टिस टेलर यांचा अंतिम अहवाल जानेवारी १९९० मध्ये आला आणि त्यानंतर वरच्या दोन डिव्हिजनमधली उभी राहायची जागा जाऊन सगळीकडे सीट आल्या, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच अहवालात असंही होतं की आज उभं राहून बघणाऱ्याच्या खिशाला झेपेल असा स्वस्त सीटचा दर ठेवता यायला पाहिजे, आणि दाखला म्हणून ग्लासगोचं आयब्रॉक्स स्टेडियम दिलं होतं, तिथे उभं राहायला ४ पौंड आणि बसायला ६. क्लबांनी अहवालातला सीटचा भाग मन लावून वाचला. दराच्या भागाशी पोचले तेव्हा बहुतेक चष्मा सापडला नसावा.

कोणी ना कोणी जर्मनी काढणारच. तुम्हीच काढा, मान मिळतो. डॉर्टमुंडची ती पिवळी भिंत, जवळजवळ २५ हजार माणसं एका स्टँडमध्ये उभी, तिकीट इंग्लंडच्या मानाने किरकोळ, आणि वर तो ५०+१ चा नियम, म्हणजे एकदोन अपवाद सोडले तर क्लबमध्ये बहुमत मेंबरांचंच, हे सगळं सांगताना डोळे थोडे ओले झाले तर उत्तम. मग समोरून ठरलेलं उत्तर येतं, "मग जा ना जर्मनीला". तिथल्या लोकांनाही तिकिटं महागच वाटतात हे मात्र दोन्ही बाजूंनी लपवायचं. फेब्रुवारी २०१६ मध्ये जर्मन कपच्या मॅचला स्टुटगार्टने दर जास्त लावले म्हणून डॉर्टमुंडचे लोक आधी बाहेरच थांबले, नंतर आत आले आणि मैदानात टेनिसचे बॉल फेकले, मॅच थांबवून ते गोळा करावे लागले. आपण असतो तर बॉलच्या किमतीवरून आधी आपापसात भांडलो असतो.

पण खरी मजा अटेंडन्समध्ये आहे. मॅचच्या शेवटाकडे स्पीकरवरून आकडा सांगतात ना, "आजची उपस्थिती" म्हणून, ती म्हणजे निव्वळ बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. इंग्लंडमध्ये बहुतेक क्लब विकलेली तिकिटं मोजून सांगतात, गेटमधून आत आलेली डोकी नाही, आणि सीझन तिकीटवाला घरी तापाने फणफणत पडला असला तरी तो हजरच असतो, शाळेत मित्र प्रॉक्सी लावायचा तसा इथे क्लब लावतो, फक्त इथे त्याचे पैसे आपणच भरलेले असतात. १ मार्च २०१८ ला आर्सेनलची मँचेस्टर सिटीबरोबर मॅच होती, लंडनमध्ये बर्फ, टीव्हीवर लाल सीटच लाल सीट दिसतायत आणि अधिकृत आकडा ५८ हजारांच्या वर. ०-३ हरले ते सोडा. एवढ्या लोकांना न दिसता बसवायची कला ज्या क्लबकडे आहे त्यांना डिफेन्स का जमत नव्हता हेच कळत नाही.

तर अटेंडन्सवर वाद घालताना फोटो लागतो, आणि फोटो कधी काढायचा हे शास्त्र आहे. समोरच्या क्लबची लाज काढायची असेल तर मॅच सुरू व्हायच्या २० मिनिटं आधी काढा, तेव्हा जगातलं कुठलंही स्टेडियम रिकामं दिसतं. तो क्षण चुकला तर सेकंड हाफची पहिली पाच मिनिटं, तेव्हा महागड्या मधल्या सीट ओस पडलेल्या असतात कारण ती मंडळी आत अजून जेवतायत. २००० साली मँचेस्टर युनायटेडच्या कॅप्टनने, रॉय कीनने, आपल्याच स्टेडियममधल्या या मंडळींना कोळंबीच्या सँडविचवरून झापलं होतं, की यांना फुटबॉल कशाशी खातात तेही कळत नाही. त्यांना ते काय कशाशी खातात हे चांगलं कळत होतं, एवढंच. आणि आपल्या क्लबचा फोटो काढायचा असेल तर गोलमागच्या स्टँडचा, खालच्या रांगांचा, गोल झाल्यावरचा, आणि कडा कापून.

आता मुख्य धडा. एवढा सगळा राग साठला की तो कुणावर काढायचा? मालकावर काढायला जाल तर खबरदार. मालक लांब असतो, ऐकत नाही, मजा येत नाही. राग काढायचा शेजारच्या सीटवाल्यावर. तो ८० व्या मिनिटाला उठून जातो, तो वर्षाला दोनच मॅचेसना येतो, तो गावचा नाही, त्याने आजवर एकही लांबची मॅच केलेली नाही, तो दर वाढले तरी गप्प भरतो म्हणून वाढतात, नाहीतर तो भरत नाही म्हणून बाकीच्यांचे वाढतात, कुठलंही कारण चालेल. टुरिस्ट असेल तर फारच सोपं, तो बिचारा एका मॅचसाठी तुमच्या चौपट पैसे मोजून आलेला असतो, क्लबच्या दुकानातून दोन पिशव्या भरून निघालेला असतो, आणि तरी निष्ठावंत तुम्हीच. निष्ठा मोजायचं माप कुठलं याचा निकाल अजून लागलेला नाही आणि लागूही देऊ नका, क्लबचं त्यावरच चाललंय.

चुकूनही एकत्र येऊ नका, हे कळकळीने सांगतोय. कारण ते चालतं. ६ फेब्रुवारी २०१६ ला लिव्हरपूलच्या नव्या मेन स्टँडमधलं सगळ्यात महाग तिकीट ७७ पौंडांचं होणार म्हणून साधारण १० हजार लोक ७७ व्या मिनिटाला उठून बाहेर गेले. टीम तेव्हा २-० ने पुढे होती. लोक गेले आणि सँडरलंडने दोन गोल मारून मॅच २-२ केली, म्हणजे बघा, आंदोलनाचा केवढा तोटा. पण पुढचं भयानक आहे, चार दिवसांत मालकांनी माफी मागितली, दरवाढ मागे घेतली आणि दोन सीझन दर गोठवले. पुढच्याच महिन्यात प्रीमियर लीगच्या क्लबांनी पाहुण्या टीमच्या सपोर्टरसाठी तिकिटाला ३० पौंडांची मर्यादा घातली, त्यामागेही वेगवेगळ्या क्लबांच्या सपोर्टरनी एकत्र येऊन केलेली बरीच वर्षांची ओरड होती. जे लोक मॅचच्या दिवशी एकमेकांच्या आईबहिणींची चौकशी करतात ते एका बॅनरमागे उभे राहिले आणि जिंकले. असं होत राहिलं तर पुढच्या मार्चमध्ये भांडायचं कशावर?

ब्रॅडफर्डचं तर नावच घेऊ नका. तेव्हा तिसऱ्या पायरीवरचा क्लब, २०१५-१६ ला मोठ्या माणसांचं सीझन तिकीट १४९ पौंडांना, आणि घरच्या मॅचेसना सरासरी १८ हजार लोक. स्वस्त केलं की लोक येतात हा असला उघडावाघडा पुरावा सभ्य वादात आणू नये. कोणी आणलाच तर म्हणायचं छोट्या क्लबचं गणित वेगळं असतं. आणि छोटा क्लब महाग झाला तर म्हणायचं मोठ्या क्लबचं गणित वेगळं असतं. मोठ्यांचं खरंच वेगळं असतं म्हणा, मँचेस्टर युनायटेडने नोव्हेंबर २०२४ मध्ये, सीझन अर्ध्यात असताना, उरलेली मेंबर तिकिटं सरसकट ६६ पौंडांना केली, ना पोरांना सवलत ना म्हाताऱ्यांना. याला म्हणतात समानता. सात वर्षांच्या पोराला बाजारात मोठ्या माणसाचा मान फार कमी ठिकाणी मिळतो.

तर हे सगळं झालं, दोन महिने घसा बसेपर्यंत भांडून झालं, चारचौघांत शपथ घेऊन झाली की यंदा नाही म्हणजे नाही, आणि मग रिन्यूअलचा शेवटचा दिवस येतो, संध्याकाळी ५ ची मुदत. पावणेपाचला काय करायचं ते तुम्हाला शिकवायची गरज नाही. सीट सोडली तर वेटिंग लिस्टमधला कोणीतरी त्यावर बसणार, बापाशेजारची सीट, ज्या सीटवरून तो एक गोल बघितला होता ती सीट, आणि परत पाहिजे असेल तर रांगेत सगळ्यात मागे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त १० हप्त्यांत डायरेक्ट डेबिटने.

पैसे गेले की एक ईमेल येतो. त्या क्षणी तुम्ही पुढच्या मे महिन्यापर्यंतच्या १९ मॅचेसना हजर झालात, आता यायची सुद्धा गरज नाही. डिसेंबरातल्या एखाद्या सोमवारी रात्री पाऊस असेल, तुम्ही रजईत पडून टीव्हीवर बघत असाल, कॅमेरा तुमच्या स्टँडवरून फिरेल आणि मधोमध एक रिकामी सीट दिसेल. रांग मोजा, सीट मोजा, तुमचीच आहे. तरीही जोरात म्हणायचं, लाज वाटली पाहिजे या लोकांना, घरी बसतात.