बॉनेट उचलून इंजिन थंड होत नाही

मार्च लागला की नागपुरातल्या गाडीवेड्या पोरांच्या फोनवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदाही फिरतोय, आणि पोरं तो गॅरेजवाल्याला दाखवून कामं करून घेताहेत. मजकूर थोडक्यात असा: बॉनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखाली वॉशर घालून ते बोटभर उचला, इंजिनखालचं प्लास्टिकचं कव्हर काढून टाका, पुढच्या बंपरला मोठी भोकं पाडून जाळी बसवा, छताच्या मागच्या कडेला शार्क फिन चिकटवा आणि डिकीवर मोठी विंग लावा. इंजिन थंड राहील, गाडी जास्त पळेल, ॲव्हरेजही वाढेल.

यातली एकही सूचना सांगितली आहे तशी खरी नाही. काहींनी तर उलटाच परिणाम होतो.

हवा जितकी जास्त आत घ्याल तितकं इंजिन थंड, हा या मेसेजचा पाया आहे. नागपूरकराला तरी तो पटायला नको. खिडकीत डेझर्ट कूलर लावला आणि बाकी दारं-खिडक्या बंद ठेवल्या, तर खोली गार होत नाही, नुसती दमट होते. हवेला बाहेर पडायला वाट लागते. रेडिएटरचंही तसंच आहे. त्याच्या पुढे हवेचा दाब जास्त आणि मागे कमी असेल तरच हवा त्याच्या जाळीतून जाते. मागचा दाब वाढवणारी कुठलीही करामत रेडिएटरच्या मुळावर येते, आणि पहिल्या दोन सूचना नेमकं तेच करतात.

आधी बॉनेट. बॉनेटवरून मागे येणारी हवा समोरच्या काचेच्या पायथ्याशी अडते आणि तिथे तिचा दाब वाढतो. केबिनच्या ब्लोअरला बाहेरची हवा घेणारी जाळी बहुतेक गाड्यांत वायपरखाली असते, ती यामुळेच. १९६९च्या शेव्हरोले कॅमॅरोला ‘काउल इंडक्शन’ बॉनेट मिळायचं. त्याचं तोंड मागे, काचेकडे होतं आणि तिथून इंजिन हवा आत ओढायचं. जिथून कंपनी हवा आत घेते, तिथून पळत्या गाडीतली गरम हवा बाहेर कशी पडेल?

हे डोळ्यांनी बघता येतं. लोकरीचे बोटभर लांब धागे मास्किंग टेपने बॉनेटवर ओळीने चिकटवायचे, शेजारी बसलेल्याने मोबाइलवर व्हिडिओ काढायचा. ओळखीतल्या एकाच्या लाल, दोन दारांच्या गाडीवर आम्ही भल्या पहाटे आउटर रिंग रोडला हे केलं. गाडी उभी होती तोवर वॉशरने उचललेल्या बॉनेटच्या फटीच्या तोंडाशी लावलेले धागे आतल्या गरम हवेने काचेकडे फडफडत होते. वेग वाढला तसे ते लुळे पडले, आणि मग उलटे फिरून फटीत ओढले गेले ते ब्रेक लागेपर्यंत बाहेर आलेच नाहीत. गाडीमालक व्हिडिओ पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघत होता. “भाऊ, हवा तर आत चाललीये, मग गरम जातंय कुठं?” जायला जागा उरते फक्त खाली, गिअरबॉक्सच्या बाजूने. वरून दाबाची हवा येऊन बसल्यावर तीही वाट आक्रसते.

सिग्नलला उभ्या गाडीत वॉशरमुळे थोडी उष्णता निघून जाते, हे मान्य. पण तीच हवा वायपरखालच्या जाळीतून केबिनमध्ये शिरते. एसी कुचकामी होतो ते वेगळंच. एक्झॉस्टच्या सांध्याला गळती असेल तर तो विषारी धूरही त्याच वाटेने आत येतो. हौसेपायी हा धोका घेऊ नका, एवढं कळकळीने सांगतो.

बॉनेटमधून उष्णता काढायचीच असेल तर झडपा पुढच्या एक तृतीयांश भागात, रेडिएटरच्या थोड्या मागे हव्यात. तिथे हवा नाकावरून वळताना तिचा दाब कमी होतो. झडपेच्या पुढच्या कडेला छोटी उभी पट्टी असेल तर ओढ आणखी वाढते. वरून चिकटवलेला स्कूप म्हणजे ही झडप नव्हे. सुबारूच्या डब्ल्यूआरएक्सवर तो आहे, कारण तिचा इंटरकूलर, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी, इंजिनच्या डोक्यावर बसलेला असतो. तुमच्या गाडीत तिथे काहीच नसेल तर स्कूप हवेला फक्त आडवा येतो.

खालच्या कव्हरचं पाहू. स्पीडब्रेकरला घासून ते फाटतं, मग गॅरेजमध्ये काढून कोपऱ्यात टाकलं जातं आणि पोरांना वाटतं, बरं झालं, इंजिन मोकळं झालं. बहुतेक गाड्यांत बंपरखालून जाणारी हवा इंजिनच्या पोटात घुसू नये आणि कव्हरच्या मागच्या कडेपाशी दाब कमी राहून गरम हवा खेचली जावी, अशी त्याची रचना असते. ते गेलं की खालची हवा वर घुसते, रेडिएटरच्या मागचा दाब वाढतो, आणि इंजिन, क्रॉसमेंबर, गिअरबॉक्स अशा खडबडीत वस्तूंवर आदळून ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, तोही वाढतो. फाटलं असेल तर नवं लावा.

बंपरची भोकं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. उन्हाळ्यात गाडी का तापते याचा साधा हिशोब करू. कूलंट, म्हणजे रेडिएटरमध्ये फिरणारं द्रव, ९५ अंशांवर आहे असं धरा. जानेवारीच्या सकाळी बाहेर १५ अंश, म्हणजे फरक ८०. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, बाहेर ४५, म्हणजे फरक ५०. रेडिएटर टाकतो ती उष्णता या फरकाच्या प्रमाणात असते, त्यामुळे तोच रेडिएटर मेअखेरीस जानेवारीतल्या कामाच्या साधारण ६२ टक्केच काम करतो. त्यात गरम हवा विरळ, साधारण दहा टक्क्यांनी. एवढी तूट बंपरच्या भोकांनी भरून निघत नाही. बहुतेक गाड्यांना कंपनीने दिलेलं तोंड पुरेसं असतं. हल्लीच्या कित्येक गाड्यांत तर ग्रिलमागे आपोआप मिटणाऱ्या पट्ट्या असतात. गरज नसेल तेव्हा गाडी स्वतःच तोंड बंद करते, कारण आत गेलेली हवा म्हणजे ड्रॅग.

खरी गळती असते ती बंपर आणि रेडिएटर यांच्यामध्ये. इंटरकूलर मोठा बसवताना कडेचे फोम आणि प्लास्टिकचे पडदे निघतात, परत कुणी लावत नाही. हवा सोपी वाट शोधते आणि रेडिएटरच्या बाजूने निसटून जाते. दाट फोमच्या पट्ट्या लावून चारही कडा बंद करा. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये टॉर्च मारून बघा. धूळ, किडे आणि कापसाच्या तंतूंचा नमद्यासारखा थर तिथे हमखास सापडतो, आणि बाहेरून मारलेलं पाणी तिथवर पोचत नाही. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं आवरण, म्हणजे श्राउड, तुटलं आहे का, रेडिएटर कॅपचं रबर कडक झालं आहे का, तेही पाहा. कॅप दाब धरत नसेल तर कूलंट लवकर उकळतं. माझ्या मते मॉडिफाय केलेल्या गाडीत पहिला खर्च इथे व्हावा. बंपर कापायची वेळ क्वचितच येईल.

शार्क फिन, म्हणजे व्होर्टेक्स जनरेटर, हवेत छोटे भोवरे उठवणारे. मित्सुबिशीने लान्सर इव्होल्यूशनवर ती आणली, तेव्हा त्यामागे खरं संशोधन होतं. २००४च्या त्यांच्या तांत्रिक अहवालात ड्रॅगचा गुणांक ०.००६ ने कमी झाल्याचं नोंदलं आहे, तेही सेडानवर, छताच्या मागे हवा पृष्ठभाग सोडते त्याच्या थोडं आधी फिन बसवून. १२० च्या वेगाला ही बचत साधारण एक तृतीयांश हॉर्सपॉवर भरते. हॅचबॅकच्या छताला मागे धारदार कड असते, हवा तिथे सुटणारच, त्यामुळे तेवढाही फायदा नाही.

विंगबद्दल मात्र नुसतं ‘दिखावा’ म्हणून हात झटकणं मला बरोबर वाटत नाही. १९९८ साली आलेल्या ऑडी टीटीचे जर्मनीत मोठ्या वेगाला मागच्या चाकांची पकड सुटून अपघात झाले. त्यानंतर कंपनीने मागे छोटा स्पॉयलर लावला, सोबत ईएसपी, म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, दिली आणि सस्पेन्शनमध्येही बदल केले. म्हणजे वेगात हवेने गाडीचं मागचं टोक उचललं जाणं कमी करणं, हे विंगचं खरं काम आहे. पण ते वेग वाढवण्याचं काम नाही. डाउनफोर्सची, म्हणजे गाडीला खाली दाबणाऱ्या हवेच्या जोराची, किंमत ड्रॅगमध्ये मोजावी लागते. शिवाय मागच्या चाकांच्याही मागे लटकणारी मोठी विंग तरफेसारखी पुढचं टोक हलकं करते. आपल्याकडच्या बहुतेक मॉडिफाय केलेल्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात आणि पुढच्याच चाकांनी वळतात. पुढे स्प्लिटर, म्हणजे पुढचं टोक दाबून धरणारी बंपरखालची पट्टी, नाही आणि मागे मोठी विंग, अशी गाडी वेगात वळणावर सरळ निघून जायला बघते.

राहिला वेग आणि ॲव्हरेज. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी ताकद घनाने. ड्रॅग गुणांक ०.३४ आणि समोरचं क्षेत्रफळ २ चौरस मीटर धरलं, तर ६० ला हवेसाठी सव्वादोन-अडीच हॉर्सपॉवर लागते आणि १२० ला साडेअठराच्या घरात. सीताबर्डीच्या गर्दीत हवेपेक्षा टायरचा रोध मोठा असतो, तिथे यातल्या कशानेच फरक पडणार नाही, टायरमधली हवा नीट ठेवल्याने पडेल. फरक दिसेल तो शिवमडक्यावरून समृद्धीला लागल्यावर. तिथे १२० ची मर्यादा आहे. गुणांक ०.०३ ने वाढवणारी विंग त्या वेगाला दीड-पावणेदोन हॉर्सपॉवर सतत खाते. त्याउलट खालचं कव्हर जागेवर असणं आणि रिकामा रूफ कॅरिअर काढून ठेवणं, याने खरोखर पेट्रोल वाचतं.

आणखी एक, जे मेसेज सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि कलम १८२अ खाली प्रत्येक बेकायदा बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

तरीही कुणाला आपल्या गाडीवर फरक पडला असं वाटत असेल तर मोजून दाखवा. वारा नसलेल्या पहाटे, सपाट मोकळ्या रस्त्यावर ८० वरून न्यूट्रल करा आणि ६० व्हायला किती सेकंद लागतात ते बघा. बदलाआधी आणि बदलानंतर, दोन्ही दिशांनी, तेवढाच टायरचा दाब आणि तेवढीच माणसं ठेवून. जास्त सेकंद लागले तर ड्रॅग कमी झाला.