‘चीनने कुणाची इंचभर जमीन घेतली नाही’ म्हणे!

एक संदेश सध्या सगळीकडे फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: चीनने आजवर कुणावर आक्रमण केलेलं नाही, त्याचा परदेशात एकच लष्करी तळ आहे, संरक्षणावर तो जीडीपीच्या दीड टक्क्याच्या आसपासच खर्च करतो, अणुबॉम्ब आधी न वापरण्याचं वचन त्याने दिलंय. सबब, त्याचं धोरण निव्वळ बचावाचं. चीनची २०१९ ची संरक्षण श्वेतपत्रिकाही हेच सांगते: वर्चस्व नको, विस्तार नको, प्रभावक्षेत्र नको.

पहिला मुद्दा आधी, कारण बाकीचे त्याच्याच आधाराने उभे आहेत. १९६२ आपल्याला कुणी सांगायला नको. ते सीमेचं भांडण होतं, असं घटकाभर मानू. पण १७ फेब्रुवारी १९७९ चं काय? त्या दिवशी चिनी फौजा व्हिएतनाममध्ये घुसल्या, लांग सोन शहरापर्यंत गेल्या आणि महिनाभरात परतल्या. लांग सोन आपलं असल्याचा दावा बीजिंगनेही कधी केला नव्हता. व्हिएतनामला धडा शिकवायचा होता, हे तेव्हाचे चिनी नेते तंग श्याओपिंग यांनी उघड सांगितलं होतं. चिनी भाषेत या युद्धाचं नाव काय? ‘स्वसंरक्षणार्थ प्रतिहल्ला’. १९६२ च्या युद्धालाही तिथे हेच नाव आहे. मारलं तरी बचावच, मग आक्रमण सापडणार कुठे?

तंग यांचाच आणखी एक किस्सा. एप्रिल १९७४ मध्ये संयुक्त राष्ट्रांत ते म्हणाले, चीन कधी महासत्ता होऊन इतरांवर दादागिरी करू लागला, तर जगाने त्याला उघडं पाडावं. भाषण आजही वाचण्यासारखं आहे. फक्त त्याआधी तीनच महिने, जानेवारीत, चिनी नौदलाने दक्षिण चीन समुद्रातल्या पॅरासेल बेटांचा पश्चिम भाग दक्षिण व्हिएतनामकडून लढून घेतला होता.

‘इंचभर परकी जमीन नको’ हे चीन खोटं बोलतो असं मला वाटत नाही. परकी कोणती, ते तो स्वतः ठरवतो, एवढंच. मिसचीफ रीफ पाहा. त्याच समुद्रातलं, मुळात भरतीला पाण्याखाली जाणारं हे प्रवाळ. १९९५ मध्ये तिथे खांबांवर झोपड्या दिसल्या, फिलिपिन्सने विचारलं, तर उत्तर आलं: आमच्या मच्छीमारांना निवारा हवा. सप्टेंबर २०१५ मध्ये व्हाइट हाउसच्या अंगणात शी जिनपिंग म्हणाले, स्प्रॅटली बेटांचं (मिसचीफ रीफ त्यांतलंच) लष्करीकरण करण्याचा आमचा इरादा नाही. आज त्या ‘निवाऱ्या’वर लढाऊ विमानं उतरतील एवढी धावपट्टी आहे. हे ठिकाण फिलिपिन्सच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे ज्या समुद्रातल्या साधनसंपत्तीवर त्याचाच हक्क आहे त्यात येतं, असं आंतरराष्ट्रीय लवादाने २०१६ मध्ये सांगितलं. चीनने तो निवाडा रद्दबातल म्हणून बाजूला सारला.

लष्करी तळाचा मुद्दा: परदेशात आम्ही तळ उभारत नाही, असं २००० सालची श्वेतपत्रिका म्हणायची. २०१७ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या जिबूतीचा तळ सुरू झाला, तो ‘रसद पुरवठा केंद्र’ या नावाने. अमेरिकेच्या शेकडो तळांपुढे हे काहीच नाही, हे मान्य. पण धोरण बदललं की नाही?

टक्केवारीवर फार वेळ घालवत नाही. आकडा साधारण बरोबर आहे, पण अर्थव्यवस्थाच अवाढव्य असेल तर दीड टक्काही जगात दुसऱ्या क्रमांकाचा खर्च होतो.

अणुबॉम्बबाबत मात्र संदेश लिहिणाऱ्याचं म्हणणं खरं आहे. १९६४ च्या पहिल्या चाचणीपासूनचं ते वचन आजही कायम आहे. मात्र ‘सिप्री’ या शस्त्रास्त्रांचा अभ्यास करणाऱ्या स्वीडिश संस्थेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये सुमारे ३२० असलेली अण्वस्त्रं २०२५ मध्ये ६०० च्या आसपास गेली. वचन मोडलेलं नाही. पण ते दिलं तेव्हाचा साठा आणि आजचा साठा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि तैवान? संदेशात त्याचं नावच नाही. चीनने २००५ मध्ये फुटीरताविरोधी कायदा केला. शांततेने एकीकरण होण्याची शक्यता पूर्ण संपली तर काय करायचं, ते त्याच्या आठव्या कलमात आहे. युद्ध हा शब्द त्या कलमात नाही. तिथे लिहिलंय, ‘बिगर-शांततापूर्ण मार्ग’.