पाचशे मेल टाका, पेपर विकत घ्या, पीएचडी मिळवा?

काल रात्री भाचीनं एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, हे खरंय का गं?" मेसेजचा सारांश असा : परदेशातल्या विज्ञान-अभियांत्रिकीच्या पीएचडीच्या जागा आधीच ठरलेल्या असतात, जाहिराती नुसत्या नावाला. तिशी ओलांडली की दार बंद. छापील पेपर, म्हणजे शोधनिबंध, नसेल तर अर्ज कुणी उघडतही नाही, म्हणून पैसे भरून एखाद्या पेपरात नाव घालून घ्या. आणि एकच मेल पाचशे प्राध्यापकांना टाका, कुणीतरी गळाला लागतोच. भाचीनं पत्त्यांची यादी करायला घेतलीसुद्धा होती, म्हणून हे लिहिणं आलं.

आधी पेपरचं. बाकीच्या थापांनी फार तर वेळ जाईल, ही थाप मात्र आयुष्यभर नावाला चिकटते. पेपरात नाव विकणाऱ्या टोळ्यांना ‘पेपर मिल’ म्हणतात. त्यांचा माल पकडलाही जातो : २०२३ मध्ये हिंदावी या एकाच प्रकाशनाचे ८,००० हून जास्त लेख मागे घेतले गेले. मागे घेतलेला लेख गायब होत नाही. ‘रिट्रॅक्टेड’ असा शिक्का घेऊन तो लेखकांच्या नावांसकट तिथंच राहतो, आणि नाव शोधणाऱ्याला सापडतो. समजा, नाही पकडला. मुलाखतीत कुणी सहज विचारलं, "यातलं तुम्ही नेमकं काय केलंत?" तर काय सांगणार? एमएस्सीचा साधा प्रकल्प, त्यात काय बिघडलं आणि का, हे नीट सांगता येणारा उमेदवार अशा पेपरवाल्यापेक्षा केव्हाही बरा.

जाहिराती आणि वयाबद्दल फार डोकं लावायला नको. युरोपीय संघाच्या मेरी स्क्लोडोव्स्का-क्युरी योजनेतल्या ‘डॉक्टरल नेटवर्क्स’चे, म्हणजे तिथल्या पीएचडीच्या जागांचे, नियम वाचावेत. जागा युरॅक्सेस या पोर्टलवर उघडपणे जाहीर कराव्या लागतात. उमेदवाराकडे आधीची डॉक्टरेट नसावी, आणि ज्या देशात जागा आहे तिथं गेल्या ३६ महिन्यांत तो १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेला नसावा. वयाची अट नाही, राष्ट्रीयत्वाची नाही, छापील पेपरची तर नाहीच. आता ‘आधीच ठरलेल्या’ जागा असतात, हे नाइलाजानं मान्य करते. अर्जाला जेमतेम दहा दिवस आणि पात्रता एखाद्याच्या प्रबंधावरून उतरवल्यासारखी, अशी जाहिरात दिसली की समजावं. पण म्हणून सगळ्याच तशा?

राहिले पाचशे मेल. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी अर्ज विभागाकडे जातो आणि प्रवेश समिती ठरवते. अंतिम तारखा बऱ्याचदा डिसेंबरात असतात, त्या चुकल्या तर प्राध्यापकाच्या गोड उत्तराचा उपयोग शून्य. जर्मनीत मात्र मार्गदर्शक स्वतः शोधून पीएचडी करण्याची जुनी पद्धत आहे, तिथं मेल लागतोच. पण तो त्या माणसाचं काम वाचून लिहिलेला. ‘आदरणीय सर, आपल्या थोर संशोधनाने मी प्रभावित झालो’ हे वाक्य कुणालाही चालतं, म्हणूनच ते कुणी वाचत नाही. (मुलींच्या मेलमध्येसुद्धा ‘झालो’च असतं, मसुदा एकच ना!)

भाचीची यादी उघडून पाहिली. तिसऱ्या नावाच्या पानावर वरच ‘इमेरिटस’ लिहिलेलं. गृहस्थ निवृत्त झालेत.