कुत्र्याचे केस म्हणजे स्वेटर नव्हे

थंडी ओसरायला लागली की एक मेसेज घरोघरी फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: ‘होळीआधी एवढी कामं उरका. तुम्ही स्वेटर काढलात, मग मुक्या जिवानं का घालून बसायचं? कुत्र्याला मशीन मारून गुळगुळीत करा. निघालेल्या केसांची लोकर विणा, उरलेले कुंडीत घाला. रोज लसणाची एक पाकळी चारा, गोचीड फिरकणार नाही. स्वेटर गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा आणि डांबरगोळ्या टाकून ठेवा. कुंड्यांना एरंडीची पेंड द्या, गुलाब गुडघ्याएवढा छाटा.’

प्रत्येक वाक्यात चिमूटभर खरं आहे. पंचाईत तीच.

‘कुत्र्याला मशीन मारा’

माणूस अंगभर घामेजतो, वाऱ्यानं घाम वाळतो आणि अंग गार होतं. कुत्र्याच्या कामाला येणाऱ्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गादीत. तो गार होतो मुख्यतः धापा टाकून, जीभ आणि श्वासनलिकेतला ओलावा उडवून. त्याच्या पाठीवरचे केस काढले म्हणून हे काम सोपं होत नाही. उलट मुंबई-गोव्याकडे मार्चपासून हवा इतकी दमट होते की धापेचाही पुरता उपयोग होत नाही. तिथे लागतो पंखा, गार फरशी आणि पाणी.

लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, पॉमेरेनियन, हस्की यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर लांब, राठ केस, खाली कापसासारखी मऊ लव. वरचा थर ऊन अडवतो, खालची लव थंडी. दिवस मोठा होऊ लागला की लव आपोआप गळायला लागते. फेब्रुवारीत सोफ्यावर जे पुंजके सापडतात ते हेच. म्हणजे स्वेटर तो स्वतःच काढत असतो. मशीन मारलं की लवेबरोबर वरची छत्रीही जाते, गोऱ्या कातडीला ऊन भाजतं आणि परत येताना लव आधी, राठ केस मागाहून येतात. त्यामुळे अंगावर कापूस चिकटवल्यासारखा कोट तयार होतो, तो ऊनही धरतो आणि गुंताही. पॉमेरेनियनच्या बाबतीत तर कधीकधी महिनोन्‌महिने केसच येत नाहीत.

मग करायचं काय? विंचरायचं, पण नीट. नुसता वरून ब्रश फिरवला की वरचे केस चमकतात आणि आतली लव तशीच राहते. एका हातानं केस उलटे धरा, कातडी दिसेल अशी भांगाची रेघ पाडा, तिथून बाहेरच्या दिशेनं ब्रश घ्या, मग बोटभर खाली दुसरी रेघ. दाट लवेसाठी लांब दातांचा रेक, बाकी अंगाला बारीक तारांचा स्लिकर. एकाच जागी घासत राहिलात तर कातडी लाल होते, म्हणून हात हलका. रोज दहा-पंधरा मिनिटं, दोन-तीन आठवडे. कानामागे, काखेत, मांडीच्या मागे आणि शेपटीच्या बुडाशी गुंता हमखास असतो. शेवटी स्टीलचा कंगवा कातडीपासून टोकापर्यंत न अडता गेला पाहिजे. अडला तर काम उरलंय.

आंघोळ यानंतर. आधी आंघोळ घातली की गुंता पाण्यानं आवळून नमद्यासारखा होतो. गाठ सापडली तर तिच्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा, बोटांनी फोडा. कात्री लावायचीच असेल तर गाठ आणि कातडी यांच्यामध्ये कंगवा सरकवून त्याच्या वरूनच कापा. गाठीबरोबर कातडी वर ओढली जाते आणि घरगुती हजामतीत जखमा बहुतेक तिथेच होतात.

शिह त्झू, ल्हासा, पूडल यांचे केस सतत वाढतात, त्यांना कात्री हवीच. पण निदान दोन-अडीच सेंटिमीटर केस ठेवून. शस्त्रक्रिया, त्वचारोग किंवा अंगभर जट झाली असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर मशीनही योग्य. कारवान जातीच्या किंवा गावठी कुत्र्याला मुळातच आखूड केस. त्याच्यावर मशीन फिरवून कोणाला काय मिळतं ते देव जाणे. पगचा प्रश्न केसांचा नाहीच, आखूड नाकाचा आहे. त्याला दुपारी फिरवू नका. बाकीच्यांनाही सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळल्यावर. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवत नसेल तर पंजेही टेकणार नाहीत.

‘त्या केसांची लोकर विणा’

विणता येते, हे खरं. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचे कोस्ट सेलिश लोक खास लोकरीसाठी वेगळी कुत्री पाळत आणि भादरत. १८५९ साली मेलेल्या ‘मटन’ नावाच्या अशा कुत्र्याचं कातडं अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पण ती जात संपली. आपल्या घरच्या कुत्र्याची कातायला उपयोगी पडते ती विंचरून निघालेली लव, तीही चार-पाच सेंटिमीटर लांब असेल तर. मशीनखालून येतात ते राठ आणि मऊ केसांचे मिसळलेले तुकडे. लॅब्रेडॉरचे केस तर पिळात टिकतच नाहीत, अंगाला टोचत बाहेर येतात.

शिवाय कुत्र्याच्या केसाला मेंढीच्या लोकरीसारखी लहर नसते, म्हणून ताणून सोडल्यावर तो परत आखडत नाही. एक सुलट-एक उलट विणीचा मनगटाचा काठ दोन दिवसांत सैल होऊन लोंबतो. कातताना निम्मी मेंढीची लोकर मिसळा आणि त्यातून मफलर, टोपी विणा. स्वेटरच्या फंदात पडू नका.

कुंडीत केस टाकायचे तर मूठभर, तेही कंपोस्टमध्ये पाचोळ्याबरोबर कालवून. केसांत नायट्रोजन भरपूर, पण ते कुजायला महिने जातात. मातीवर थर दिलात तर नमदा होऊन पाणी बाजूनं वाहून जातं. आणि मानेवर गोचिडीचं औषध टाकलं असेल तर ते केस कुंडीतही नको आणि पक्ष्यांच्या घरट्यासाठी गॅलरीतही टांगू नका. औषध केसांबरोबर जातं.

‘रोज एक पाकळी लसूण’

हा सल्ला सगळ्यात वाईट. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. कच्चा, शिजवलेला, पूड, सगळं सारखंच, आणि वजनाला वजन लसूण कांद्याहून जहाल. परिणाम लगेच दिसत नाही, काही दिवसांनी हिरड्या फिकट पडतात, लघवी गडद होते, कुत्रं जिन्यावर दमतं. तोवर पाकळीचा कोणाला संशयही येत नाही.

गोचिडीचं मूळ कुत्र्यावर कमी, घरात जास्त असतं. आपल्याकडची तपकिरी गोचीड पिल्लावस्थेपासून मोठी होईपर्यंत तीनदा रक्त पिते आणि दर वेळी खाली उतरते. मादी शेवटी भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. म्हणून कुत्र्याला डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे औषध, आणि घरात फटी, दाराच्या चौकटी, अंथरुणाच्या शिवणी साफ. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल नको, नखानं चिरडणं नको. मांजर असेल तर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं कुत्र्याचं औषध त्याच्यापासून लांब. मांजराला ते विष आहे.

‘गरम पाणी, कडक ऊन, डांबरगोळ्या’

आधी लोकर की ॲक्रिलिक ते बघा, कारण दुकानात दोन्हीला ‘लोकर’च म्हणतात. धाग्याचं टोक जाळा: खरी लोकर केसासारखी वास मारते आणि तिची राख बोटात चुरते, ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. ॲक्रिलिकला कसर (लोकर खाणारी कीड) सहसा लागत नाही, पण गरम इस्त्रीनं ते कायमचं लुळं पडतं.

लोकर कोमट पाण्यात बुडवा, चोळू नका, पिळू नका. गरम पाण्यात चोळलं की धाग्यावरचे खवले एकमेकांत अडकतात आणि मोठ्याचा स्वेटर पोराला येतो. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, मग सावलीत आडवा वाळवा. दोरीवर टांगलात तर पाण्याच्या वजनानं बाह्या लांबतात.

डांबरगोळीची वाफ कसरीला मारते, पण घट्ट बंद पेटीतच. सैल कपाटात ती नुसती खोलीभर वास करते. आणि कुत्र्यानं एखादी गोळी चघळली तर तिथेही रक्तपेशींचाच घात. कापूर हाही पर्याय नाही. कसरीला घामाचे, अन्नाचे डाग आवडतात, तेव्हा धुतलेला, पूर्ण वाळलेला स्वेटर घट्ट पिशवीत भरणं हाच मुख्य इलाज. शंका असेल तर पिशवी दोन आठवडे उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवा.

‘एरंडीची पेंड द्या, गुलाब छाटा’

एरंडीच्या पेंडीत रायसिन हे विष राहू शकतं, आणि कुत्र्यांना तिचा वास भारी आवडतो. रात्रीत कुंडी उकरलेली दिसते आणि पुढे उलट्या, रक्ताचे जुलाब. अशा वेळी वाट न बघता, पेंडीची पिशवी घेऊनच डॉक्टर गाठावा. घरात कुत्रं असेल तर निंबोळी पेंड वापरा: दहा इंची कुंडीला एक मूठ, वरच्या दोन-तीन सेंटिमीटर मातीत मिसळून लगेच पाणी. बोनमीलही नको, हाडाच्या वासानं तेही उकरलं जातं.

गुलाब फेब्रुवारीत छाटायचा सल्ला बर्फ पडणाऱ्या देशांतला आहे. आपल्याकडे मुख्य छाटणी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात. आता खोल छाटलात तर कोवळी फूट ऐन एप्रिलच्या उन्हात सापडते. सध्या फक्त सुकलेली फुलं खुडा आणि मातीवर बोटभर पाचोळा पसरा. कात्री चालवायची हौसच असेल तर मोगरा आहे. त्याचीही वेळ खरं तर जानेवारीची, पण राहून गेला असेल तर वाळक्या काड्या काढा, शेंडे खुडा आणि पाणी वाढवा.