रिंगरोडने पुण्याची कोंडी सुटणार नाही

‘रिंगरोड झाला की पुण्याची कोंडी सुटली. शेतकऱ्यांनी जमिनी अडवल्या नसत्या, तर तो केव्हाच झाला असता. तसाही कात्रज-देहूरोड बायपास म्हणजे अर्धा रिंगरोडच.’ सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मजकूर जोरात फिरतोय. तिन्ही दावे चुकीचे आहेत.

आधी कोंडीचं बघू. एमएसआरडीसीचा, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळाचा, पुण्याभोवतीचा रिंगरोड सुमारे १७० किलोमीटरचा. पश्चिमेचा टप्पा एक्स्प्रेस वेवर उर्से इथे सुरू होतो आणि मावळ, मुळशीतून सातारा रस्त्यावर वरवे बुद्रुकला जातो. चढायला-उतरायला ठरावीक इंटरचेंज. कोथरूडहून खराडीला निघालेला माणूस एवढ्या लांब जाईल कशाला? तो कर्वे रस्ता आणि नगर रस्त्यावरच अडकणार. त्याला वेळेवर येणारी बस हवी. रिंगरोड लागतो तो चाकणहून सोलापूरकडे निघालेल्या ट्रेलरला, जो आज लोणीकंद, केसनंद, थेऊरमधून दुचाक्यांना खेटून जातो. तेवढ्यासाठी तो व्हायलाच हवा.

शेतकऱ्यांवर खापर फोडणं तर अन्यायच आहे. १९८७च्या विकास आराखड्यात एचसीएमटीआर नावाचा सुमारे ३६ किलोमीटरचा वर्तुळाकार मार्ग होता, तोही शहराच्या आत. तोसुद्धा कागदावरच राहिला. बाहेरच्या रिंगरोडची आखणी तर कितीदा बदलली. आपल्या गटावरून रेघ गेली, सरकली, पुन्हा आली, अशा अवस्थेत जो शेतकरी मोबदला लेखी मागतो, त्याला अडवणूक म्हणायचं?

आणि बायपास! महामार्गाची वाहनं गावाबाहेरून जावीत म्हणून तो बांधला. वारजे, बाणेर, नऱ्हे वाढत गेले आणि तो शहराचाच रस्ता झाला. नवले पुलावर उभं राहून बघा. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून लांब उतार येतो. डिझेल वाचवायला काही चालक गाडी न्यूट्रल करतात, ब्रेक तापून निकामी होतात, आणि उताराच्या पायथ्याशी नऱ्हे-आंबेगावची दुचाकी त्याच लेनमध्ये शिरते. सर्व्हिस रोड सलग नाही, ती तरी जाणार कुठून? इथे किती माणसं गेली, हे पुणेकरांना सांगायला नको.

बायपासचं झालं तेच रिंगरोडचं व्हायला नको. त्याच्या कडेला ‘रिंगरोड टच प्लॉट’चे फलक लागू लागलेत. या प्लॉटना मुख्य रस्त्यावर थेट वाट देणार नाही, हे सरकारने आत्ताच लेखी जाहीर करावं.